फोरमनचं जेवण : कृती क्रमांक तीन

९ जानेवारी

वही नवीन आहे, म्हणून आधी नोंद. माझ्या हातानं केलेल्या वस्तू : भात उपणायचा पंखा, मोटर कूलरची, वाइंडिंग माझं. घराचं फाटक, बिजागऱ्यांसकट. टाकी भरली की आपोआप बंद होणारा कॉक. जुन्या पंपाच्या ड्रमची शेगडी. बायकोची, म्हणजे छायाची, मिरची वाळवायची पेटी, वर काच. ग्रॅमचा काटा, वजनं म्हणून नटबोल्ट. कर्जतच्या सोनाराच्या काट्याशी ताडून पाहिला तर फरक दोन ग्रॅम निघाला, तो त्याच्या काट्याचा असावा. फोरमनचं घर, साडेतीन फूट बाय अडीच, तळ जमिनीपासून सहा इंच वर, म्हणजे पावसाळ्यात ओल येत नाही.

शिक्षण नववी. आयटीआय नाही, कुणाच्या हाताखाली नाही. कडावला वर्कशॉप टाकून सत्तावीस वर्षं झाली.

आता या यादीत एक गोष्ट घालायची आहे, ती लोखंडाची नाही. फोरमनचं जेवण.

फोरमन म्हणजे कुत्रा. अर्धा लॅब्रा, अर्धा गावठी. कळंबकडच्या एका फार्महाउसवाल्यांनी जागा विकली आणि याला तिथंच सोडून गेले. दोन वर्षांपूर्वी माझ्या दारात येऊन बसला. मी वेल्डिंग करतो तेव्हा समोर बसून बघत राहतो, काम काही करत नाही, म्हणून छायानं हे नाव ठेवलं. वजन चोवीस किलो दोनशे. पोट नाजूक. दूध-भाकरी दिली की तासाभरात उलटी, बिस्किटं दिली की जुलाब. गेल्या महिन्यात अठरा दिवस पोट बिघडलेलं. अठरा हा आकडा मोजलेला आहे.

११ जानेवारी

खालापूरला डॉ. तस्लीम यांच्याकडे नेलं. जनावरांच्या डॉक्टर. वय तिशीच्या आतलं, मला आधी कंपाउंडर वाटल्या. पण हात चांगला आहे. फोरमनच्या पोटावरून बोटं फिरवत होत्या ती मी मोटरचा आवाज ऐकतो तशी.

म्हणाल्या, "दूध, बिस्किटं, भाकरी सगळं बंद. उकडलेलं चिकन आणि मऊ भात. मसाला नको, मीठ नको, तेल नको. थोडं थोडं, दिवसातून तीनदा."

"ग्रॅम किती?"

"अंदाजानं द्या हो काका."

अंदाजानं हा शब्द मी वहीत घेत नाही. शेवटी त्यांनी हिशोब करून दिला : रोज चिकन अडीचशे, शिजलेला भात साडेतीनशे. निघताना त्यांनी विचारलं, "अजून काय खातो हा?" म्हणालो, मी देतो तेवढंच.

१३ जानेवारी

कृती क्रमांक एक. चिकन शब्बीरच्या दुकानातलं, ताजं, कातडी काढून. पाण्यात उकडलं, पंचवीस मिनिटं. तांदूळ कर्जत-तीन, एक वर्ष जुना, तीन शिट्ट्या. मीठ, तेल, मसाला शून्य.

अर्धं खाल्लं, अर्धं हुंगून सोडलं. मी चाखून बघितलं. उग्र वास येतो. त्याचं चुकलं नाही.

१६ जानेवारी

कृती क्रमांक दोन. पहिलं पाणी ओतून दुसऱ्या पाण्यात उकडलं. वास थोडा कमी. खाणं तीन भागांपैकी दोन. पोट ठीक आहे, उलटी नाही.

छाया म्हणाली, "माझ्या हातचं कालवण कधी मोजून नाय खाल्लंत तुमी."

"तुझं पोट बिघडलं की मोजीन."

"बगू या," म्हणाली.

१८ जानेवारी

कृती क्रमांक तीन. आजारी माणसाला आपण अळणी देतो, पण वाईट वासाचं देत नाही. म्हणून उकडताना एक कांदा उभा चिरून (९० ग्रॅम), लसूण सहा पाकळ्या, आलं बोटाच्या पेराएवढं, हळद चिमूटभर. तेल नाही, मीठ नाही, मसाला शून्य.

ताट चाटून पुसून स्वच्छ. यादीत हिचीच नोंद होणार असं दिसतं.

१९ जानेवारी

तस्लीम मॅडमना फोन केला. सांगितलं, सात दिवसांत एकही जुलाब नाही. म्हणाल्या, "वा, छान. चिकन-भाताशिवाय अजून काही घालता का त्यात?"

"मसाला शून्य," मी म्हणालो.

"तुमच्यासारखे चार जण मिळाले तर माझा दवाखाना बंद पडेल."

हे वाक्य छायाला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

२२ जानेवारी

दुपारचं ताट. छायानं हाक मारली, "अवो, हे बगा तरी. कांदा नाकानं बाजूला सारतोय."

खरंच. ताटाच्या कडेला कांद्याच्या फोडींची रांग. मोजल्या, अकरा. भात गेला, चिकन गेलं, कांदा तसाच.

"नको असंल त्याला," छाया म्हणाली. "नका घालू."

"त्याला काय कळतं? मी लहानपणी भाजीतला कांदा काढून ठेवायचो. आई वाटून घालायला लागली, मग गपचूप खायला लागलो."

"तुमी काय कुत्रं होतात?"

"म्हणजे तुला अजून शंका आहे."

हसली. पण ती फोडींची रांग तिनं उचलून फेकली ती माझ्याकडे बघत.

२३ जानेवारी

कृती तीनमध्ये सुधारणा. कांदा-लसूण-आलं पाट्यावर वाटून घेतलं. पाणी घालून तीनदा, गंधासारखं. आता निवडता येणार नाही. फोरमननं ताटाभोवती एक चक्कर मारली, माझ्याकडे बघितलं, मग खाल्लं. सगळं.

२७ जानेवारी

राजेश आला. कळंबच्या पुढं त्याची जागा आहे, मुंबईची माणसं परगावी जाताना आपली कुत्री तिथं ठेवून जातात. चौदा कुत्र्यांची सोय आहे. पिंजऱ्यांची दारं करून घ्यायला आला होता. फोरमनला बघून थांबला.

"पदूशेठ, हा तोच का, शेडमागं ओकत बसायचा तो?"

"तोच."

"काय चारता याला?"

वही दाखवली. त्यानं तीन पानं उलटली आणि म्हणाला, "माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या कुत्र्यांचं पोट बिघडतं. पहिल्या दिवशी बिघडतं नि मालक मला शिव्या देतात. तुमी करून द्याल का चौदांचं?"

बघू म्हणालो. दारांची मापं घेतली. बोलणं तेवढंच, पण संध्याकाळी काट्याला तेल घालताना माझ्या लक्षात आलं की मी मोठ्या पातेल्याचा विचार करतोय. साठ लिटरचं, खाली कॉक, भात चिकटू नये म्हणून आत फिरणारं पातं. पातं वायपरच्या मोटरवर चालेल.

३ फेब्रुवारी

फोरमन सकाळी वर्कशॉपमध्ये आला नाही. घरातच पडून. वजन तेवीस किलो सहाशे. ऊन वाढलंय.

५ फेब्रुवारी

वेल्डिंग चालू केलं तरी आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. काम नीट झालं नाही, राजेशचं एक दार दीड सूत तिरकं. कापून पुन्हा केलं.

६ फेब्रुवारी

लघवीचा रंग चहासारखा. पाण्याची शंका. टाकी रिकामी करून घासली, तळाशी गंज सापडला, चमचाभर. हेच असणार. आजपासून त्याचं पाणी गाळून, उकळून.

८ फेब्रुवारी

पाणी बदलून दोन दिवस झाले. फरक नाही. मग उरतं चिकन.

शब्बीरकडे गेलो. गिऱ्हाइकं होती, तरी बोललो. "शब्बीर, कोंबडी शिळी मारतोस माझ्या गळ्यात."

सुरी खाली ठेवून हात पुसले त्यानं. "पदूभाऊ, बावीस वर्सं दुकान हाय. एक पीस परत आला नाय माझा."

"मग कुत्रा काय हवा खाऊन आजारी पडला?"

"माझा पैलवान बगा." दुकानापुढच्या रस्त्यात त्याचा कुत्रा आडवा पडला होता. लोक वळसा घालून जातात, तो उठत नाही. "तुमाला देतो त्यातलीच काटछाट खातो तो. मोजत नाय कोन, वहीत लिवत नाय कोन. उचलून दाखवा त्याला."

"तो गटारातलंही पचवील."

"पचवील," शब्बीर म्हणाला. "आन तुमी दुसरीकडं बगा चिकन."

बरं म्हणालो आणि निघालो. मागं गिऱ्हाइकांपैकी कोणी तरी हसलं.

९ फेब्रुवारी

कर्जतहून चिकन आणलं. फोरमन उठून ताटापर्यंत चार पावलं चालला आणि बसला. हिरड्या बघितल्या. पांढऱ्या, कोऱ्या कागदासारख्या. अंगात रक्त कमी आहे हे डॉक्टर नसलेल्यालाही दिसतं. लसणानं ताकद येते, आई बाळंतिणीला द्यायची. सहाच्या दहा पाकळ्या केल्या. चमच्यानं भरवलं. सगळं खाल्लं. माझ्या हातून दिलं की खातो.

१० फेब्रुवारी

निष्कर्ष लिहिला होता, "कर्जतचं चिकनही तसलंच." तो खोडतो. दोन्ही दुकानांत तसलंच कसं असेल? कुठं तरी एक वायर उलटी लागलीय आणि ती मला दिसत नाहीय. मोटरमध्ये दिसली असती.

छाया म्हणाली, "वही बंद करा नि डाक्टरकडं चला."

११ फेब्रुवारी

सकाळी टेंपोत घालून खालापूरला नेलं. छाया बरोबर होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मॅडमनी हिरडी दाबली, रक्त काढलं, मशीनला लावलं. रक्ताचं प्रमाण निम्म्याच्याही खाली. विचारलं, उंदराचं औषध? नाही. गोचीड? नाही, रोज बघतो. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही सगळं लिहिता ना? मला कालचं जेवण लिहून द्या. शेगडी पेटवल्यापासून ताट खाली ठेवेपर्यंत. काहीही सोडू नका."

हे मला जमतं. बाकावर बसून वहीच्या नव्या पानावर लिहिलं. चिकन अडीचशे ग्रॅम, दोन पाण्यांत. तांदूळ एक वर्ष जुना. वाटण : कांदा नव्वद ग्रॅम, लसूण दहा पाकळ्या, आलं. हळद. मसाला शून्य. वही दिली.

त्यांनी लाल पेन घेतलं आणि दोन शब्दांखाली रेघ मारली. कांदा. लसूण. माझ्या वहीत दुसऱ्या कुणाची ही पहिली रेघ.

"हे किती दिवस?"

"पंचवीस."

"मी मसाला नको म्हणाले होते."

"मसाला नाहीच त्यात. तुम्हीच बघा. हे वाटण आहे."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "आमच्या घरीही आई याला वाटणच म्हणते. मसाला म्हणजे तिचा बरणीतला लाल." पेनाचं टोपण लावलं. "कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फोडतं, काका. एकदा थोडं खाल्लं तर कदाचित निभावतं. तुम्ही रोज मोजून दिलंत. मी नाव घेऊन सांगायला हवं होतं."

निम्मी चूक त्यांनी उचलली. मी उचलू दिली.

छायानं माझ्याकडे बघितलं. अकरा फोडी मोजल्या तेव्हा तीही तिथं होती.

मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागेल. पंचवीस किलोच्या वरचा, धडधाकट, शांत पडून राहील असा. चारच्या आत. आहे का तुमच्या ओळखीत?"

असा एकच कुत्रा मला माहीत होता. शब्बीरचा नंबर पाठ आहे. तरी फोन लावायला सात मिनिटं लागली.

"कोन? पदूभाऊ? चिकन नाय मिळायचं."

"चिकन नको. पैलवान पाहिजे."

सगळं सांगितलं. कांदाही सांगितला. पलीकडे सुरीचा आवाज थांबला.

"किती वाजेपर्यंत?"

"चार."

सव्वातीनला आला. दुकान भर दुपारी बंद करून. पैलवान गाडीत पुढच्या सीटवर बसून आला होता, काच खाली. त्याला टेबलावर ठेवायला तिघं लागलो. वजन एकतीस किलो. शब्बीर त्याच्या कानाशी "उगी रं, उगी" म्हणत राहिला आणि तो घोरायला लागला. मानेतून पिशवी भरली.

शब्बीर माझ्याकडे न बघता म्हणाला, "रगत ताजं हाय, पदूभाऊ. शिळं वाटलं तर आत्ताच बोला. पायजे तर काट्यावर घ्या."

मॅडम हसल्या. छाया हसली. मी पिशवी काट्यावर ठेवलेली बघत होतो : तीनशे वीस ग्रॅम.

थेंब थेंब, चार तास. पहिला अर्धा तास मॅडम हलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "आता वाट बघायची."

१२ फेब्रुवारी

फोरमन दवाखान्यातच. हिरडी किंचित गुलाबी. खाल्लं नाही.

१३ फेब्रुवारी

निम्म्या चुकीची गोष्ट नीट करतो. वही मागं उलटून बघितली. मॅडमनी "अजून काय" असं दोनदा विचारलं आहे, ११ जानेवारीला आणि १९ ला. दोन्ही वेळा मी, मला द्यावंसं वाटलं ते उत्तर दिलं. छायानं एकदा सांगितलं. फोरमननं एकदा सांगितलं, त्याला जेवढं सांगता येतं तेवढं. तो जे निवडून ठेवत होता ते मी गंधासारखं वाटून घातलं. निम्मी नाही.

१५ फेब्रुवारी

घरी आणला. वजन बावीस किलो सातशे. त्याच्या घरात गेला नाही, वर्कशॉपच्या दारात बसला. कृती क्रमांक चार : चिकन, भात, पाणी. छायानं शिजवलं. मी काटा काढला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आजच्या दिवस." आजच्या दिवस राहू दिला.

वासासकट खाल्लं. वासाची अडचण माझी होती.

२ मार्च

रक्त तपासलं. जवळजवळ पूर्ववत. लाल भोपळ्याची एक फोड उकडून दिली, आधी मॅडमना नाव घेऊन विचारलं. "भोपळा चालेल, काका. नुसता. भोपळा म्हणजे भोपळाच ना?" म्हणाल्या. थट्टा करतात, करू देत.

ताट ठेवल्यावर दहा मिनिटं तिथंच बसायचं असं ठरवलं आहे. काय खातो त्यापेक्षा काय ठेवतो ते लिहायचं. आज काही ठेवलं नाही.

८ मार्च

शब्बीरच्या दुकानाचं शटर दोन वर्षं अडतंय. सकाळी दुकान उघडायच्या आत जाऊन पट्ट्या सरळ केल्या, स्प्रिंग बदलली, ग्रीस भरलं. आता एका बोटानं वर जातं. तो आला, एका बोटानं वर नेलं, पुन्हा खाली आणलं, पुन्हा वर नेलं. पैलवान रस्त्यातून बघत होता.

"शब्बीर, त्या दिवशी दुकानात बोललो ते चुकलं माझं."

"कोंच्या दिवशी?" म्हणाला. मग आत वळून, "अडीचशेच ना? कातडी काढून?"

९ मार्च

यादीत फोरमनच्या जेवणासाठी ठेवलेली ओळ कोरी होती. तिथं लिहिलं : "छाया करते."

१६ मार्च

दुपारी राजेश आला. कागद टाइप करून आणला होता. वर्कशॉपच्या दारात फोरमन बसलेला बघून म्हणाला, "बगा, ही जाहिरात." आजारपण त्याला माहीत नव्हतं. मी वही पुढं केली, लाल रेघेचं पान. त्यानं वाचलं.

"मग आता चूक कळली ना? कांदा काढला, झालं. उलट आता तर पक्की झाली कृती."

"एकाची झाली."

"कुत्रं सगळं सारखंच, पदूशेठ."

"मला एकाच्या ताटाशी बसायला दहा मिनिटं लागतात. चौदांच्या ताटांशी कोण बसणार?"

"बसायचं कशाला पण?"

म्हणालो, फोरमनला बावीस जानेवारीला कळलं होतं, मला अकरा फेब्रुवारीला. राजेशला वाटलं मी गंमत करतोय. मोठ्यानं हसला. फोरमननं मान वर करून बघितलं आणि पुन्हा पंजांवर टेकली.

पिंजऱ्यांची दारं दिली, चौदाही. मापं बरोबर आहेत. साठ लिटरच्या पातेल्याचं चित्र वहीतून फाडलं नाही, पातं चांगलं जमलंय.

राजेशच्या कागदातला देकार असा होता : चौदा कुत्री, दोन वेळचं जेवण, अकरा महिन्यांचा करार, चिकन-तांदूळ-गॅस त्यांचा, डब्यावर नाव माझं. महिन्याला अडतीस हजार रुपये. नाही म्हणालो.